वाचकांचे प्रश्न : तारांकन आधी कोणाच्या हाती लागते?

कमांड लाइनवरून उपकरणे हाताळणाऱ्या वाचकांची पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. प्रत्येकाची अडचण वरवर निराळी दिसते, पण मुळाशी एकच गोष्ट आहे : आपण टंकलेली ओळ साधनापर्यंत पोहोचण्याआधी दुसरे कोणीतरी ती वाचते, आणि तारांकन (*), अँपरसँड (&) किंवा मोकळी जागा दिसली की तिला आपल्या नियमांप्रमाणे अर्थ देऊन मगच पुढे पाठवते. हे ‘कोणीतरी’ बहुधा शेल असते, म्हणजे ओळ वाचून आदेश चालवणारा कार्यक्रम; विंडोजचे कमांड प्रॉम्प्ट आणि पॉवरशेल, लिनक्सवरचे बॅश आणि झेडशेल ही त्याची उदाहरणे. येथे आदेश उच्चारानुसार देवनागरीत छापले आहेत. टंकताना ते रोमन अक्षरांत लिहावेत. चिन्हे मात्र जशीच्या तशी ठेवावीत, कारण आजचा सगळा विषय चिन्हांचाच आहे.

प्रश्न : माझ्या विंडोज संगणकाला काही साधे पेनड्राइव्ह आणि यूएएस या डेटा वेगाने नेणाऱ्या पद्धतीने चालणारी एक बाह्य डिस्क जोडलेली असते. तेवढी डिस्कच बंद करावी म्हणून मी डेव्हकॉनला, म्हणजे उपकरणे शोधणाऱ्या आणि चालू-बंद करणाऱ्या विंडोजच्या साधनाला, पुढील आदेश दिला :

डेव्हकॉन डिसेबल यूएसबी\क्लास_०८&सबक्लास_०६&प्रॉट_६२

डिस्क बंद झाली, पण तिच्याबरोबर सगळे पेनड्राइव्हही दिसेनासे झाले. शिवाय ‘सबक्लास_०६’ आणि ‘प्रॉट_६२’ हे आदेश ओळखता येत नाहीत, असे दोन संदेश आले. मी तर तारांकनही वापरले नव्हते. मग नेम इतका कसा चुकला?

उत्तर : आपला नेम चुकला नाही, आपला आदेश वाटेत तुटला. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये अँपरसँड हे ‘एक आदेश संपला, आता दुसरा चालवा’ असे सांगणारे चिन्ह आहे. त्यामुळे आपण लिहिलेल्या एका ओळीचे तीन आदेश झाले. पहिला ‘डेव्हकॉन डिसेबल यूएसबी\क्लास_०८’, दुसरा ‘सबक्लास_०६’ आणि तिसरा ‘प्रॉट_६२’. मागच्या दोन नावांचा कार्यक्रम संगणकावर नसल्यामुळे ते दोन संदेश आले. पहिला आदेश मात्र कुरकुर न करता पार पडला, आणि खरे नुकसान त्यानेच केले.

ते कसे झाले, हे नीट पाहण्यासारखे आहे. विंडोज प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी एक नव्हे, अनेक ओळखी नोंदवून ठेवते. हार्डवेअर आयडींत उत्पादकाचा आणि उत्पादनाचा क्रमांक असतो. त्याखालोखाल येणारे सुसंगत आयडी, म्हणजे कंपॅटिबल आयडी, उपकरण कोणत्या जातीचे आहे तेवढेच सांगतात. आपल्या डिस्कच्या सुसंगत आयडींत आधी पूर्ण ‘क्लास_०८&सबक्लास_०६&प्रॉट_६२’ असते, मग शेवटचा भाग गाळलेले ‘क्लास_०८&सबक्लास_०६’ येते आणि शेवटी नुसते ‘क्लास_०८’. यातील ०८ म्हणजे साठवणीची उपकरणे, ६२ म्हणजे यूएएस. साध्या पेनड्राइव्हच्या यादीत ६२ च्या जागी ५० असते, पण यादीच्या तळाशी तेच ‘यूएसबी\क्लास_०८’ येते. डेव्हकॉन आपण दिलेला मजकूर या दोन्ही प्रकारच्या आयडींशी ताडून पाहते. तुटलेला आदेश अर्थहीन ठरला असता, तर काहीच जुळले नसते आणि आपण वाचला असता. येथे उरलेला तुकडा स्वतःच एक पूर्ण आणि वैध ओळख निघाला, आणि ती ओळख प्रत्येक पेनड्राइव्हला लागू पडत होती. तारांकन नसतानाही आदेशाला तारांकनासारखा विस्तार मिळाला, तो असा.

आधी परतीची वाट सांगतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत ‘डेव्हकॉन एनेबल "यूएसबी\क्लास_०८"’ असा आदेश द्यावा. संगणक नुसता बंद करून पुन्हा सुरू केल्याने काही साधणार नाही, कारण उपकरण बंद केल्याची नोंद विंडोज जपून ठेवते.

यापुढे आयडी नेहमी दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा. त्या दोन चिन्हांच्या आत अँपरसँड हे नुसते अक्षर राहते. कमांड प्रॉम्प्ट एकेरी अवतरणचिन्हाला अवतरण मानतच नाही, म्हणून एकेरी चिन्हांनी आदेश तसाच तुटेल. अँपरसँडच्या आधी कॅरेट, म्हणजे ^ हे चिन्ह देऊनही काम होते. पण एका आयडीत तीन अँपरसँड असले की त्यांतला एक निसटण्याची शक्यता मोठी, त्यामुळे मी तो मार्ग कोणाला सुचवत नाही.

आणखी दोन गोष्टींकडे मुद्दाम लक्ष वेधतो. पहिली गोष्ट तारांकनाची. पुष्कळ जण सवयीने आयडीच्या शेवटी तारांकन देतात, पण बहुतेक वेळा त्याची गरज नसते. यूएसबी उपकरणाच्या हार्डवेअर आयडींत आवृत्तीच्या क्रमांकासह एक आणि त्याशिवाय एक अशा दोन्ही नोंदी असतात, म्हणून ‘"यूएसबी\व्हीआयडी_१२३४&पीआयडी_५६७८"’ एवढे लिहिले तरी ते उपकरण अचूक सापडते. तारांकन दिले, तर त्याच उपकरणाचे ‘&एमआय_००’, ‘&एमआय_०१’ असे उपभागही त्यात ओढले जातात, आणि कॅमेऱ्यातला फक्त मायक्रोफोन बंद करायला निघालेला माणूस अख्खा कॅमेरा बंद करून बसतो. एकसारखी दोन उपकरणे जोडलेली असतील, तर हार्डवेअर आयडीवर विसंबू नये. ॲट चिन्हाने सुरू होणारा इन्स्टन्स आयडी द्यावा, कारण तो त्या एका जोडणीपुरताच असतो.

दुसरी गोष्ट तपासणीची. ‘डिसेबल’ लिहिण्यापूर्वी तीच ओळ ‘फाइंड’ लिहून चालवून पाहावी. आपण ‘डेव्हकॉन फाइंड’ने सुरुवात केली असती, तर एका डिस्कऐवजी चार-पाच नावांची यादी समोर आली असती आणि हात तिथेच थांबला असता. बॅच फाइल लिहिणाऱ्यांनी तर हे अधिकच पाळावे. यशस्वी झाल्यास डेव्हकॉन ० हा क्रमांक परत देते, संगणक पुन्हा सुरू करावा लागणार असेल तर १, अपयश आल्यास २ आणि आदेशाची रचनाच चुकली असेल तर ३. पण ओळ तुटली की शेवटी हाती येतो तो न सापडलेल्या ‘प्रॉट_६२’चा ९००९ हा क्रमांक. म्हणजे पहिल्या आदेशाने काय केले, याचा मागमूसही राहत नाही.

प्रश्न : जुन्या सिरियल पोर्टचा आयडी तारांकनानेच सुरू होतो. ते तारांकन खरोखरचे अक्षर आहे हे डेव्हकॉनला कळावे म्हणून आयडीच्या आधी एकेरी चिन्ह लावायचे असते, असे वाचले होते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डेव्हकॉन फाइंड '*पीएनपी०५०१’ हा आदेश चालतो, पण पॉवरशेलमध्ये तोच दिला की पुढच्या ओळीवर >> ही खूण येते आणि काहीच घडत नाही. तसेच ॲट चिन्हाने सुरू होणारा आयडी दिला की लाल अक्षरांत चूक दाखवली जाते. माझे कुठे चुकते?

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे, पण ते चिन्ह डेव्हकॉनसाठी आहे आणि पॉवरशेल ते वाटेतच स्वतःचे समजून घेतो. पॉवरशेलमध्ये एकेरी चिन्ह म्हणजे अवतरणाची सुरुवात. ते बंद होईपर्यंत तो पुढच्या ओळीची वाट पाहत राहतो, आणि >> ही त्या वाट पाहण्याची खूण आहे. कंट्रोल आणि सी ह्या कळा दाबून बाहेर यावे आणि आदेश असा लिहावा :

डेव्हकॉन फाइंड "'*पीएनपी०५०१"

बाहेरची दुहेरी चिन्हे पॉवरशेलसाठी, आतले एकेरी चिन्ह डेव्हकॉनसाठी. ॲटचेही तसेच आहे. अवतरणाबाहेर पॉवरशेल त्याला स्वतःच्या व्याकरणातले चिन्ह समजतो, म्हणून '@यूएसबी\…' असा पूर्ण आयडी अवतरणांत द्यावा. ज्या मजकुरात स्वतःचे एकेरी चिन्ह नसेल, तिथे पॉवरशेलमध्ये एकेरी अवतरणेच अधिक भरवशाची, कारण दुहेरी अवतरणांत डॉलरचे चिन्ह आले की त्याचा अर्थ लावला जातो.

अँपरसँडबाबत एक इशारा द्यायला हवा. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये अवतरणाबाहेरचा अँपरसँड आला की चूक दाखवली जाते आणि काहीच चालत नाही, म्हणजे नुकसान टळते. पॉवरशेल ७ मध्ये मात्र तेच चिन्ह ‘हा आदेश पार्श्वभूमीवर चालवा’ असे सांगते, म्हणून वरच्या पत्रातला अपघात तिथेही घडू शकतो.

पॉवरशेलमध्येच काम करायचे असेल, तर त्याचे स्वतःचे आदेश वापरणे सोपे जाते. ‘गेट-पीएनपीडिव्हाइस -फ्रेंडलीनेम '*कॅमेरा*'’ अशा आदेशाने नावात तो शब्द असलेली उपकरणे मिळतात, आणि ‘डिसेबल-पीएनपीडिव्हाइस’च्या शेवटी ‘-व्हॉटइफ’ जोडले, तर प्रत्यक्ष काही न करता काय झाले असते तेवढे सांगितले जाते.

प्रश्न : लिनक्सवर उपकरणांचा कारभार पाहणाऱ्या यूडेव्हचा ‘यूडेव्हॲडम ट्रिगर --सिसनेम-मॅच=एसडी*’ हा आदेश मी बॅशमध्ये अनेक वर्षे अवतरणांशिवाय वापरत आहे. माझ्या सहकाऱ्याने झेडशेलमध्ये तोच दिला, तर ‘काहीही जुळत नाही’ असे सांगून शेलने तो चालवलाच नाही. नंतर मी स्वतः उपकरणांच्या फायली असलेल्या डेव्ह फोल्डरमध्ये असताना बरोबरच्या चिन्हाऐवजी (=) मोकळी जागा देऊन तोच आदेश लिहिला आणि तो भलतेच करू लागला. हा साधनाच्या आवृत्तीचा दोष आहे का?

उत्तर : साधनाचा येथे काही संबंध नाही. आपला आदेश इतकी वर्षे चालला तो योगायोगाने.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तारांकन जसेच्या तसे साधनाकडे जाते आणि त्याचे काय करायचे ते साधन ठरवते. युनिक्सच्या परंपरेत हे काम साधनाच्या आधीच उरकते. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये त्यासाठी ‘ग्लॉब’ नावाचा वेगळा छोटा कार्यक्रम होता; ओळीत तारांकन दिसले की शेल त्याला बोलावी आणि तो जुळणाऱ्या फायलींची नावे तारांकनाच्या जागी भरून मग मूळ आदेश चालवी. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बॉर्न शेलने हे काम स्वतःकडे घेतले. आजही लिनक्सचा शेल तारांकन दिसताच प्रथम फायलींची नावे शोधतो. त्याला उपकरणे ठाऊक नाहीत, फक्त फायली ठाऊक आहेत.

आता आपली ओळ शेलच्या नजरेने वाचून पाहा. ‘--सिसनेम-मॅच=एसडी*’ हा त्याच्या लेखी एक अखंड शब्द आहे, म्हणून ‘--सिसनेम-मॅच=एसडी’ या अक्षरांनी सुरू होणारी फाइल तो चालू फोल्डरमध्ये शोधतो. असली फाइल कोणाकडे नसते. काहीच जुळले नाही की बॅश तारांकन तसेच पुढे ढकलतो, ते यूडेव्हॲडमला मिळते आणि त्याला तो नमुना समजतो, म्हणून सगळे सुरळीत वाटते. झेडशेल काहीच न जुळणे ही चूक मानतो आणि तिथेच थांबतो. माझ्या मते झेडशेलची रीत अधिक प्रामाणिक आहे, कारण तो चूक लपवत नाही. मोकळी जागा दिल्यावर ‘एसडी*’ हा स्वतंत्र शब्द झाला आणि डेव्ह फोल्डरमध्ये त्या नावाच्या फायली खरोखरच असतात. मग साधनाला मिळाले ‘एसडीए एसडीए१ एसडीए२ एसडीबी’. पहिले नाव पर्यायाच्या वाट्याला गेले आणि बाकीची नावे सुटी उपकरणे म्हणून मागे लागली. नमुना म्हणून लिहिलेले तारांकन साधनाला दिसलेच नाही.

उपाय एवढाच, की साधनासाठी असलेला नमुना एकेरी अवतरणांत ठेवावा : --सिसनेम-मॅच='एसडी*'. शिवाय ‘--व्हर्बोज --ड्राय-रन’ हे दोन पर्याय जोडले, तर कोणकोणती उपकरणे निवडली गेली त्यांची यादी मिळते आणि प्रत्यक्ष काहीही घडत नाही.

याच संदर्भात एक ओळ अशी आहे, की ती पाहिली की मी आजही दचकतो :

इको ० | सुडो टी /सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस/*/ऑथोराइज्ड

एखाद्या यूएसबी उपकरणाची परवानगी काढून घेण्यासाठी त्याच्या ‘ऑथोराइज्ड’ फायलीत ० लिहायचे असते. ही ओळ लिहिणाऱ्याला एकच उपकरण हवे असते, पण पोर्टचा क्रमांक आठवत नसतो, म्हणून तो तारांकनावर भागवतो. शेल त्या जागी प्रत्येक उपकरणाचा मार्ग भरतो, त्यात यूएसबीचे मूळ हबही येतात, आणि क्षणभरात कीबोर्ड, माऊस आणि बाह्य डिस्क सगळेच सुटतात. सुदैवाने ही स्थिती कायमची नसते. संगणक पुन्हा सुरू केला की सगळे पूर्ववत होते. पण बाह्य डिस्कवर त्या वेळी काही लिहिले जात असेल, तर तेवढ्यानेही नुकसान होऊ शकते. मूळ वापरकर्ता (रूट, म्हणजे सर्वाधिकारी) होऊन ‘>’ या चिन्हाने थेट लिहू पाहिले, तर अनेक फायली जुळतात हे पाहून बॅश नकार देतो; झेडशेल मात्र नेहमीच्या मांडणीत त्या सगळ्या फायलींत लिहून मोकळा होतो. म्हणजे वरच्या प्रसंगात सांभाळून घेणारा शेल येथे धोक्याचा ठरतो. असा मार्ग लिहिण्यापूर्वी तोच मार्ग नुसत्या ‘इको’पुढे लिहून एंटर दाबावे. शेल तारांकनाच्या जागी काय भरणार आहे, ते लगेच पडद्यावर उमटते.

सुडो, म्हणजे मूळ वापरकर्त्याच्या अधिकाराने आदेश चालवणारे साधन, याबद्दलही थोडे सांगतो, कारण हा गोंधळ वरचेवर होतो. ‘सुडो एलएस /सिस/कर्नेल/डीबग/*’ असे लिहिले, तर अशी फाइल नाही असे उत्तर येते. ते फोल्डर फक्त मूळ वापरकर्त्याला उघडता येते, आणि तारांकन उलगडणारा शेल मात्र अजून आपल्याच अधिकारात चालत असतो. सुडोची पाळी नंतर येते. म्हणून उलगडण्याचे कामही पलीकडे न्यावे लागते : सुडो एसएच -सी 'एलएस /सिस/कर्नेल/डीबग/*'.

प्रश्न : अँड्रॉइड फोनवरील ‘डीसीआयएम ओल्ड’ नावाचे जुने फोल्डर काढण्यासाठी मी संगणकावरून एडीबीने, म्हणजे फोनला आदेश देणाऱ्या साधनाने, पुढील आदेश दिला :

एडीबी शेल आरएम -आर "/एसडीकार्ड/डीसीआयएम ओल्ड"

नावात मोकळी जागा असल्यामुळे अवतरणचिन्हेही आठवणीने दिली. तरी ‘डीसीआयएम ओल्ड’ जागच्या जागी राहिले आणि ‘डीसीआयएम’ हे माझे छायाचित्रांचे मुख्य फोल्डर गेले. अवतरणांचा उपयोग का झाला नाही?

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण आपण जी काळजी घेतली ती शिकवल्याप्रमाणे बरोबरच होती, फक्त ती एका थरापुरती पुरली. येथे ओळ दोनदा वाचली जाते. प्रथम संगणकावरचा शेल ती वाचतो, अवतरणांचा अर्थ लावतो आणि अवतरणचिन्हे काढून टाकतो. मग एडीबी ‘शेल’ या शब्दापुढचे सगळे तुकडे मोकळ्या जागेने जोडून एकच ओळ तयार करते आणि ती फोनकडे पाठवते. फोनमध्येही एक शेल आहे, अँड्रॉइड ४.० पासून तो एमकेएसएच हा आहे. त्याच्यापर्यंत पोहोचलेली ओळ अशी होती :

आरएम -आर /एसडीकार्ड/डीसीआयएम ओल्ड

अवतरणे वाटेतच गळाली होती. फोनच्या शेलने ‘/एसडीकार्ड/डीसीआयएम’ आणि ‘ओल्ड’ अशी दोन नावे वाचली. पहिले फोल्डर अस्तित्वात होते, ते गेले. दुसरे सापडले नाही. जोडलेला संगणक लिनक्सचा असो की विंडोजचा, परिणाम हाच होतो.

दोन वाचणारे असतील, तर अवतरणांचे थरही दोन हवेत. बाहेरचा थर संगणकाच्या शेलसाठी आणि आतला फोनच्या शेलसाठी :

एडीबी शेल "आरएम -आर '/एसडीकार्ड/डीसीआयएम ओल्ड'"

छायाचित्रांची दुसरी प्रत संगणकावर किंवा अन्यत्र कुठे आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर फोनचा वापर तूर्त थांबवावा, म्हणजे मोकळ्या झालेल्या जागेवर नवीन काही लिहिले जाणार नाही.

तारांकनही येथे दोन्ही टोकांना अडखळते. फोनवरील फायली निवडायच्या असतील, तर ते आतल्या अवतरणाबाहेर पण बाहेरच्या अवतरणाच्या आत राहिले पाहिजे : एडीबी शेल "एलएस '/एसडीकार्ड/डीसीआयएम ओल्ड'/*". बाहेरची अवतरणे नसली, तर लिनक्स संगणकाचा शेल स्वतःच्याच फायलींत ते नाव शोधू लागतो. ‘एडीबी पुल’चा प्रकार आणखी निराळा. त्यात फोनचा शेल मध्ये येतच नाही, त्यामुळे ‘/एसडीकार्ड/डीसीआयएम/*’ असे लिहिले तर तारांकन उलगडणारा कोणीच नसतो आणि अशी वस्तू फोनवर नाही असे उत्तर मिळते. तेथे अख्खे फोल्डर मागावे. एसएसएचने दूरच्या यंत्रावर आदेश पाठवणाऱ्यांनीही हे उत्तर आपल्यासाठीच आहे असे समजावे, कारण तेथेही तुकडे मोकळ्या जागेने जोडूनच पलीकडच्या शेलच्या हाती दिले जातात.

प्रश्न : एकाच उत्पादकाची सगळी उपकरणे पाहण्यासाठी ‘एलएसयूएसबी | ग्रेप १२३ए:*’ असे लिहितो, पण कधी कधी नको त्या ओळीही येतात. आणि हाच क्रमांक ‘१२३A’ असा मोठ्या अक्षरात यूडेव्हच्या नियमात लिहिला, तर नियम लागूच होत नाही.

उत्तर : एलएसयूएसबी जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देते आणि ग्रेप तिच्यातल्या जुळणाऱ्या ओळी निवडते, पण ग्रेपचे तारांकन वेगळ्या घराण्याचे आहे. शेलमध्ये त्याचा अर्थ ‘येथे काहीही चालेल’ असा होतो. ग्रेपमध्ये ‘आधीचे चिन्ह कितीही वेळा, अगदी शून्य वेळाही’ असा होतो. त्यामुळे आपल्या नमुन्यात विसर्गचिन्ह (:) असले काय आणि नसले काय, सारखेच ठरते, आणि ती चार अक्षरे उत्पादनाच्या क्रमांकात किंवा नावात कुठेही आली तरी ओळ जुळते. येथे तारांकनाची गरजच नाही. ‘एलएसयूएसबी -डी १२३ए:’ असे लिहून विसर्गचिन्हापुढची जागा रिकामी सोडली, की त्या उत्पादकाची सगळी उपकरणे मिळतात. पीसीआय उपकरणांसाठी ‘एलएसपीसीआय -डी’ हेच करते.

यूडेव्हच्या नियमात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळला जातो, आणि कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उत्पादकाचा क्रमांक लहान अक्षरांतच देते. म्हणून नियमातही रोमन अक्षर लहानच लिहावे. डेव्हकॉन हा भेद मानत नाही, त्यामुळे विंडोजवरून उतरवून घेतलेला क्रमांक लिनक्सच्या नियमात चिकटवताना ही चूक हमखास होते. नियमाच्या फायलीतील दुहेरी अवतरणे ही त्या फायलीच्या रचनेचाच भाग आहेत. शेल ती फाइल वाचत नाही, त्यामुळे त्या अवतरणांच्या आतले तारांकन, प्रश्नचिन्ह आणि चौकटी कंस नमुना म्हणूनच काम करतात, आणि त्यांना वेगळे संरक्षण देऊ नये.